बसून नऊ, उठताना चार

हातात उचलून धरली की चाकं भिरभिरतात,
पथारीवर ठेवली की नुसती गुणगुणते,
पोटात माशी अडकल्यासारखी.
आठ दिवस मी प्रोग्रामच्या ओळी खालीवर करतेय.
वेग दोनशे. वेग दोनशे पंचावन्न.
त्यापुढे आकडाच नाही.

नंदुरबारबाहेर, नजर पोचेल तिथवर मिरची.
आई दाताळं घेऊन तिच्यात उभी,
डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं फडक्यात.
माझी गाडी मिरची उलटवणार होती:
दोन पिवळ्या मोटरी, चार चाकं,
मागे तुटक्या कंगव्याचे दात.
मुकादम दोनदा येऊन पाहून गेला.
"खेळणं झकास आहे, रंजिता."

भटू मिस्तरींच्या दुकानात वॉर्निशचा वास,
बोअरच्या मोटरी पोट फाडून पडलेल्या.
त्यांनी चष्म्यावरून माझी मोटर पाहिली,
ती तांबडी वायर पाहिली,
थेट बोर्डाच्या पिनेला जोडलेली.
"मुकादमले पोतं उचलाले लावस का, पोरी?"

मग कळलं.
पिनेनं सांगायचं असतं, ओढायचं नसतं.
तिचा आवाज वीस मिलिअँपिअरचा.
पिवळीला चालायला दीडशे लागतात,
मिरचीच्या ढिगात अडली तर हजाराच्या घरात.
पिन मेली नाही हेच नशीब.

मध्ये ड्रायव्हर बसवला, काळ्या पंखांचा, मोठा.
चाकं थरथरली. इंचभर सरकली. थांबली.
मीटर लावला:
आत जाताना सहा, बाहेर येताना चार.
दोन व्होल्ट त्यानं उभ्या उभ्या खाल्ले
आणि स्वतः तापून बसला.
"अडत," मिस्तरी म्हणाले,
आणि वाइंडिंगचा पुढचा वेढा घेतला.

नखाएवढा दुसरा ड्रायव्हर पुण्याहून पाच दिवसांनी आला.
हा फारशी अडत घेत नाही.
तरीही तेच.

आता राहिली ती चौकोनी बॅटरी,
रिमोटातली, नऊ व्होल्टची, माझ्या भरवशाची.
मिस्तरींनी मीटरच्या सुया लावल्या: नऊ.
म्हणाले, मोटर चालू कर.
नवाचे सहा, सहाचे चार,
बोर्डाचा दिवा विझला, पुन्हा लागला,
प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू झाला,
जणू काही घडलंच नाही.
बसून नऊ, उठताना चार.
"मना गुडघा बी तश्याच सेतस,"
हसता हसता ते उठले,
टेबलाला धरून.

जुन्या लॅपटॉपमधले दोन सेल मोटरींना,
बोर्डाला वेगळं खाणं.
दोघंही पोटभर. दोघंही गप्प.
रात्री साडेअकरापर्यंत मी एकेक वायर हलवली
आणि मग ती काळी दिसली, कुठेच न लावलेली.
दोघांची जमीन एक केली नव्हती मी.
बोर्ड म्हणत होता पाच,
पण पाच कशापासून?
शून्य सारखं नसेल तर आकडा नुसती हवा.
काळीला काळी जोडली.

केसाएवढ्या वायरी काढून जाड घातल्या,
मोटरीच्या पायांत कपॅसिटर.
हे सगळं वहीत एका पानात मावलं.

सकाळी पथारीवर ठेवली.
निघाली.
गुणगुण नाही, सरळ घरघर,
मागे लाल मिरचीत एक ओळ उमटत गेली,
खालची ओली बाजू वर आणत.
बायका दाताळी टेकवून बघत राहिल्या.
सात पावलांवर एक देठ गिअरात गेलं
आणि ती थांबली, जिथल्या तिथे, तापू लागली.
मी धावत जाऊन स्विच बंद केला.

आईनं फडकं हनुवटीखाली ओढलं,
शिंकली,
आपल्या पायानं ती ओळ मोजली.
"सात पावलं," म्हणाली.
"हिला रोज किती द्यायचा?
आणि तो माझ्यातून कापायचा का?"

मुकादम तेवढा हसला नाही.
मी सुईनं देठ काढत बसले,
बिया बोटांना चिकटल्या,
दुपारपर्यंत जळत राहिल्या.